सुरय्याभाभी आणि रात्याचं बी

निवेखारच्या खाजणात कोळंबीवाल्यांचा पंप पहिल्यांदा सुरू झाला, त्या दुपारी सुरय्याभाभी बांधावर उकिडवी बसून खेकड्यांची बिळं बुजवत होती. १९९८चा उन्हाळा होता. पंपाच्या आवाजाने पलीकडच्या खारफुटीच्या तिवरांतले बगळे उठले, पण भाभीने मान वर केली नाही. चिखलाचा गोळा बिळात कोंबायचा, वरून टाच मारायची, पुढं सरकायचं. खेकड्याचं बीळ बोटाएवढं असतं, पण भरतीचं पाणी त्यातून एकदा वाहायला लागलं की बांध आतून पोखरून निघतो. हे तिला तिच्या सासऱ्यांनी शिकवलं होतं. सासरे गेले. दीर मुंबईला, नवरा मुझम्मिल कुवेतला क्रेन चालवायला. बांध तिच्या वाट्याला आला.

मी तिच्या दोन घरं पलीकडं राहते, म्हणून पुढचं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते तिने आणि शकूने सांगितलं.

आमचं गाव आरे-वाऱ्याच्या रस्त्यापासून आत, खाडीच्या काठाला. वर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार, मध्ये घरं, खाली खाजण. खाजण म्हणजे भरतीपुढं बांध घालून सोडवलेली भातजमीन. बांधात एक उघाडी असते, म्हणजे फळ्यांचं दार. पावसाळ्यात ओहोटीला फळ्या काढायच्या, की आतलं पावसाचं पाणी जमिनीतलं मीठ घेऊन खाडीत उतरतं. भरती लागायच्या आत फळ्या परत लावायच्या. इथं नांगर चालवत नाहीत, कारण खालची माती वर आली की तिच्याबरोबर मीठही वर येतं. मोड आलेलं बी तसंच चिखलात फेकायचं आणि कापणीनंतर पेंढा पसरून जमीन उन्हापासून झाकून ठेवायची. खत म्हणून खाडीचा गाळ पुरतो. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावलं की बोय, चिंबोऱ्या, कोळंबी घरापुरती मिळायची. मोहल्ल्यातली आणि खारवीवाड्यातली माणसं मिळून हा बांध राखायची. भाभीच्या शेजारचा तुकडा आनंदा आणि त्याची बायको शकू यांचा. खारवी माणसं, अर्धं वर्ष होडीवर, अर्धं शेतात.

या जमिनीत राता नावाचं भात व्हायचं. उंच वाढणारं, लाल दाण्याचं, लांब कुसळांचं. कुसळांमुळं पाखरं तोंड लावत नसत आणि थोडं खारं पाणी ते निमूट सोसायचं. दाणा मात्र कमी. मग पिशवीतलं बी आलं. त्याच्याबरोबर पिशवीतलं खत आलं. पहिली काही वर्षं भात दुपटीने निघालं आणि गावाने राता सोडला. भाभीनेही सोडला. रात्याची शेवटची मुडी, म्हणजे पेंढ्यात घट्ट आवळून ठेवलेलं बियाणं, तिच्या माळ्यावर होती. एका रजेत मुझम्मिलभाई घरी आले ते लाल तांदळाच्या भाकरीला आसुसलेले. तिने मुडी सोडली, भात कांडलं, भाकऱ्या केल्या. गावात कुणाकडं तरी बी असेलच, असं तिला वाटलं. घराघरात हेच वाटत होतं.

कोळंबीवाले आले ते मुंबईच्या कुणा शेठच्या नावाने. खालचं अर्धं खाजण त्यांना भाड्याने हवं होतं. तिथं तळी खणायची, खाडीचं पाणी पंपाने आत घ्यायचं, कोळंबी वाढवून परदेशी पाठवायची. भाभीच्या सासरची, होडेकरांची, खालची जमीन त्यातच येत होती. भाभीने नाक्यावरच्या बूथवरून कुवेतला फोन लावला.

“बांध कापून पाइप घालणार हायत ते,” ती म्हणाली.

“कापतील नि सिमेंटात बांधतील. तू कशाला घाबरतेस?”

“बांध सिमेंटचा नसतो अवो. तो दरसाल थापायचा असतो.”

“थापणार कोण? तू एकटी? माणसं हायत काय गावात?” पलीकडून मुझम्मिलभाईंचा आवाज थकलेला आला. “मी उन्हात भाजतो हाय इथं. तुझे हात तरी सुटूदेत चिखलातनं.”

त्यांनी मुंबईच्या भावाला कळवलं आणि भावाने सही केली. वरची चिंचोळी पट्टी तेवढी भाभीकडं राहिली, तिच्या शेजारी आनंदाची. आनंदाने सही द्यायला नकार दिला होता. म्हणाला, “माझ्या बापाने हितं बोयी धरल्या. मी काय धरू, त्यांच्या पंपाचा पाइप?”

पुढची दोन वर्षं खाली दिवस-रात्र जनरेटर चालला. तळ्यांतलं वापरलेलं पाणी ते उघाडीतून सोडायचे. त्याला साबणासारखा फेस असायचा आणि औषधाचा वास. आनंदाच्या जाळ्यात आधी लहान मासे मेलेले यायला लागले, मग जाळं रिकामंच यायला लागलं. वरच्या पट्टीतल्या भाताची पानं टोकाकडून करपत आली. भाभीने खत वाढवून पाहिलं, मग बंद करून पाहिलं. करपणं थांबलं नाही, कारण खारं पाणी आता खालून पाझरत होतं.

मग कोळंबीला रोग लागला. कवचावर पांढरे ठिपके आणि आठवड्याभरात तळीच्या तळी मेलेली. कामगार टोपल्यांनी कोळंबी काढून बांधावर टाकत होते. घारी-कावळ्यांनी आकाश भरलं आणि गावात जेवण घशाखाली उतरेना. शेठची माणसं तळ्यांत चुना टाकून गेली. नंतर एके सकाळी ट्रक आला, पंप, जनरेटर, पत्रे, सगळं भरून घेऊन गेला. बांधातला पाइपसुद्धा त्यांनी उपसून नेला. पाइपाच्या जागी जे भगदाड राहिलं ते बुजवायला कुणी थांबलं नाही.

भाभी, आनंदा आणि शकूने त्यात दगड टाकले. सरपंचांना सांगितलं, तालुक्याला अर्ज गेला. श्रावणातल्या उधाणाला भगदाडाची खिंड झाली. बैलगाडी आत जाईल एवढी. खाडी दिवसातून दोनदा खाजणात येऊन जाऊ लागली, आणि दिवाळीपर्यंत जिथं भात पिवळं व्हायचं तिथं पांढरी खपली धरली. चालताना ती पायाखाली काचेसारखी चुरचुरायची. खाजणाकडच्या विहिरी मचूळ झाल्या. चहा फाटायला लागला, तेव्हा कुठं मोहल्ल्यातल्या लोकांनी खाली बघितलं. पण बघून करायचं काय? बहुतेक घरांचा चरितार्थ आखातातून येणाऱ्या पैशांवर होता. भाताविना कुणाची चूल विझणार नव्हती. “जाऊ दे. खाडीचं होतं, खाडीनं नेलं,” असं म्हणून माणसं वळली.

भाभीला वळता आलं नाही. ती रोज खाली जायची, खिंडीपाशी उभी राहायची आणि परत यायची. मी एकदा विचारलं, “रोज जाऊन काय बघता हो भाभी?”

“मय्यत झाल्यावर सुद्धा माणूस घटकाभर बसतं जवळ,” ती म्हणाली. “ही तर अजून मेलेली पण नाय नीट.”

मुझम्मिलभाई २००१मध्ये कायमचे परत आले. हृदय कमजोर झालं होतं, कंपनीने घरी पाठवलं. पहिल्याच संध्याकाळी ते खाजण बघायला निघाले आणि उतारावरूनच मागे फिरले. पायरीवर बसून राहिले. भाभीने पाणी आणून दिलं, ते प्यायले आणि तोंड वाकडं झालं. “हे आपल्या विहिरीचं?” त्यांनी विचारलं. भाभीने फक्त मान हलवली. त्यांना ओरडून बोलायचं तिने किती दिवस मनात घोळवलं होतं, पण समोर इतका वाळलेला माणूस बघून तिने रिकामा पेला उचलून आत नेला. ते पुढं खाजणाचं नावही काढेनात. रत्नागिरीत फ्लॅट बघू, एवढंच म्हणायचे.

तिने आधी कृषी खात्यातून खारं सोसणारं सुधारित बियाणं आणलं. साहेब भले होते, त्यांनी सगळं समजावून दिलं आणि बियाणंही चांगलं होतं. पण ते धड बांध असलेल्या जमिनीसाठी होतं. आमच्या फुटक्या खाजणात भरतीला पाणी मांडीला लागायचं. बुटकं रोप त्यात बुडालं आणि कुजलं. मान पाण्याच्या वर काढून उभं राहील असं एकच भात तिला ठाऊक होतं.

मग तिने रात्याचं बी शोधायला सुरुवात केली. आधी गावात. माळे झाडले, जुनी कणगी उलटी केली. मग खाडीकाठची शेजारची गावं. मग एसटीने खेडला. खेडच्या बाजारात बियाण्याच्या दुकानदाराने तिला आदराने बसवलं आणि विचारलं, “चाची, राता म्हणजे नवीन व्हरायटी काय?” जगबुडी नदीच्या काठाने खाली उतरत ती एकेका वाडीत विचारत गेली. म्हाताऱ्या बायकांना नाव आठवायचं. त्यांचे डोळे चमकायचे, “लाल पेज व्हायची गो त्याची,” म्हणायच्या, आणि नंतर हात झटकायच्या. प्रत्येक ठिकाणी तेच. जणू या किनाऱ्यावरून ते भात कुणी एका रात्रीत उचलून नेलं होतं. एकदा परतीची एसटी चुकली आणि ती खेडच्या डेपोत बाकावर बसून रडली. हे तिने मला पुढं काही वर्षांनी सांगितलं, तेही हसत.

आंजर्ल्याला ती गेली ती कुणीतरी सहज नाव घेतलं म्हणून. गणपतीच्या टेकडीखाली गंगुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. भाभी दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “आजी, रत्नागिरीस्नं आलेय. रात्याचं बी हाय काय तुमच्याकडं?”

गंगुबाईने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बी कशाला हवं? औषधाला?”

“पेरायला.”

“पेरतं कोण आता?” म्हातारी आत वळली. “मीच सोडलं. गुडघं गेलं. ये, बस.”

चुलीच्या वर, धुरात काळी झालेली एक मुडी टांगलेली होती. नारळाएवढी. गंगुबाईने ती काढली नाही, नुसती दाखवली. “तीन पावसाळं झालं तिला. का चारही झालं असतील. रुजंल असं काय मी सांगायची नाय. मेलेलं बी दिलं म्हणशील नि शिव्या घालशील.”

“नाय घालणार.”

“हां... नि मला एकच ठेवलंय हे. लेकीच्या बाळंतपणात पेज केली होती, त्यातलं. लेक ऱ्हायली नाय. म्हणून टांगून ठेवलंय.”

भाभी उठली. म्हणाली, “ऱ्हाऊदे आजी. ते काढू नका.” अंगणापर्यंत आली, तर मागून म्हातारीचा आवाज आला, “अगो, ती काठी घे नि खाली काढ. माझा हात पोचत नाय.”

घरी आल्यावर भाभीने मुडी सोडली. दाणे हलके लागले. तिने मूठभर घेऊन ओल्या फडक्यात बांधले, तपेल्याखाली ठेवले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी फडक्याला कुबट वास आला. शकू बघायला आली होती, तिने नाकाला पदर लावला. भाभी एकेक दाणा बोटाने दाबून बघत होती. दाबला की आतून पांढरं पाणी यायचं. शकू म्हणाली, “भाभी, सोडा आता. देवालाच नको हाय.”

“थांब जरा.”

फडक्याच्या घडीत पाच-सहा दाण्यांना मोड होते. केसाएवढे. शकूने ते बघितलं आणि खाली बसली. मुडीतले हजारांतले फार थोडे दाणे जिवंत होते, आणि ते लावायला जमीन तर नव्हतीच.

खिंड बुजवण्यासाठी त्यांनी दोनदा जीव तोडला. भांगाच्या दिवसांत, भरती कमी असते तेव्हा, आनंदा होडीतून जांभे दगड आणायचा, दोघी बायका चिखल आणि माडाच्या झावळ्या दाबायच्या. पहिल्या वेळी उधाणाने दोन भरत्यांत सगळं नेलं. दुसऱ्या वेळी दगड घसरून आनंदाचा पाय अडकला. भरती चढत होती. शकूने आणि भाभीने पहारीने दगड उचकटून त्याला बाहेर ओढला तेव्हा पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. पाय वाचला, पण त्या दिवसानंतर तो म्हणाला, “बस झालं. खाडीशी भांडण नाय व्हायचं माझ्याच्यानं.” महिन्याभराने तो मिरकरवाड्याच्या एका ट्रॉलरवर कामाला लागला. शकू राहिली.

त्याचं ते वाक्य भाभीच्या डोक्यात फिरत राहिलं. काही दिवसांनी तिने शकूला वरच्या पट्टीच्या टोकाला नेलं. “खालचं सोडून देऊया,” ती म्हणाली.

“सोडून? तुमची सगळी जमीन खाली हाय!”

“गेलीच हाय ती. बघ.” कोळंबीच्या तळ्यांत तिवराची, चिपीची बोटभर रोपं आपसूक उगवली होती. खाडीने बिया आणून टाकल्या होत्या. “ती वाढूदेत. लाट तिथं मोडेल. आपण एवढ्याच पट्टीला आतून लहान बांध घालू. कमरेएवढा. तो आपल्या दोघींना झेपेल.”

तिवरं सरपणाला तोडायला येणाऱ्यांशी भाभी भांडली. दिराने मुंबईहून निरोप धाडला, की आमच्या जमिनीत जंगल वाढवायचा तुला काय हक्क? दोन उन्हाळे दोघींनी टोपल्यांनी चिखल वाहिला. आनंदाने सुट्टीत येऊन लहानशी उघाडी करून दिली, जुन्या होडीच्या फळ्यांची. मुझम्मिलभाई दारातून बघायचे. एके दिवशी ते हळूहळू उतरले, बांधाच्या टोकाशी बसले आणि बसल्या जागेवरून चिखल थापायला लागले. भाभीने बघितलं, न बघितल्यासारखं केलं. त्या दिवशी परत जाताना त्यांना चढ चढवेना. ती एका बाजूला, शकू दुसऱ्या बाजूला. मध्येच थांबून ते म्हणाले, “सुरय्या, मी तिथं बसून सही करायला सांगितली.”

“म्हाईत हाय,” ती म्हणाली. “चला, पाय उचला.”

पहिल्या वर्षी मुडीतल्या उरलेल्या बियांतून वाफाभर राता झाला. त्यातलाही बराचसा खेकड्यांनी कातरला. जे आलं ते सुपात मावलं आणि त्यातला दाणाही कुणी खाल्ला नाही. दुसऱ्या वर्षी चार वाफे. तिसऱ्या वर्षी, २००५ साली, पहिल्यांदा भाभीच्या आणि आनंदाच्या पूर्ण पट्टीत पेरण्याइतकं बी जमलं. पेरणी झाली, रोपं वीतभर झाली, आणि जुलैच्या सुरुवातीला, दुपारच्या जोहरच्या नमाजाला उठता उठता मुझम्मिलभाई गेले.

आमच्यात नवरा गेला की बाई इद्दत पाळते. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडत नाही. भाभीने खोलीची ती खिडकी धरली जिथून खाजण दिसतच नाही. शकू रोज येऊन सांगायची, पाणी किती हाय, फळ्या काढल्या, एक वाफा बसला. भाभी ऐकायची. दुःख कशाचं करायचं हे तिला कळेनासं झालं होतं. ती मला म्हणाली, “दोन मयती एकदम नाय सांभाळता येत गो.”

चिपळूण-खेड पाण्याखाली गेलं तो पाऊस त्याच महिन्यातला. आमच्याकडं सड्यावरून लाल पाणी नाल्यांनी नाही, घरांमधून वाहत होतं. सकाळी शकू ओलीचिंब धावत आली आणि उंबऱ्यातूनच ओरडली, “भाभी, ओहोटी हाय तरी पाणी उतरत नाय! सगळ्या फळ्या काढल्या, एक फळी अडकून बसलीय, फुगलीय. बांधावरनं वाहायला एवढंच ऱ्हायलंय,” तिने चार बोटं दाखवली.

“कापायला हवा,” भाभी म्हणाली. “आपणच कापायचा, कडेनं. भरतीच्या आत. नाहीतर मध्येच फुटेल नि सगळाच जाईल.”

“कुठनं कापू? मला नाय कळत. आनंदा बंदरात अडकलाय.”

खोलीत भाभीची मोठी जाऊ होती, मुंबईहून आलेली. तिने भाभीचा हात धरला. “तीन आठवडे नाय झाले त्याला जाऊन. लोक काय म्हणतील?”

भाभीने हात सोडवून घेतला, हळूच, आणि म्हणाली, “भाभीजान, मी कुठं मिरवायला जात नाय.” ओढणी डोक्याभोवती बांधली आणि शकूच्या मागे पावसात उतरली.

मी त्या दोघींना माझ्या ओटीवरून बघितलं. पाऊस इतका की माणसं मध्येच दिसेनाशी व्हायची. शकूने नंतर सांगितलं, भाभीने आनंदाची पट्टी वाचेल आणि आपली जाईल अशा जागेवर फावडं मारलं, कारण तिथंच उतार होता. शकू म्हणाली, “तुमच्यात नको.” भाभी ओरडली, “उतार बघ, नावं नको बघूस!” बांध कापला तसं पाणी डोंगरासारखं कोसळत बाहेर पडलं. भाभीचे वाफे रोपांसकट खरवडून गेले. दुपारची भरती चढली तेव्हा तिवरांच्या गर्दीत तिचा जोर मोडला, आणि कापलेल्या जागेतून आत आली ती नुसती सपाट सरकत. आनंदाचा तुकडा पाण्याखाली उभा राहिला. चार दिवस. पाचव्या दिवशी पाण्यावर हिरवी टोकं दिसली.

मोहल्ल्यात बोलणं झालंच. मौलानांनी सांगितलं, नुकसान टाळायला बाहेर पडली, त्यात गुन्हा नाही. पण बायका तिच्याकडं येताना आवाज उतरवून यायच्या, आणि थोरल्या जावेने अजून तिच्याशी बोलणं ठेवलेलं नाही. भाभीने त्यानंतर इद्दतीचा एकही दिवस मोडला नाही. कापणी शकूने एकटीने केली. इद्दत संपली त्या दिवशी भाभी आधी कबरस्तानाच्या वाटेने गेली, भिंतीबाहेर उभी राहून फातिहा पढली, आणि मग खाली उतरली. शकूने झोडलेलं लाल भात आपल्या अंगणात वाळत घातलं होतं. भाभी त्यात हात घालून बसून राहिली. तिला रडू आलं नाही. शकूला आलं.

ते भात त्यांनी खाडीकाठच्या खालच्या तीन गावांत वाटलं, मूठमूठभर. एकाच माळ्यावर बी ठेवायचं नाही, असं भाभीने ठरवलं होतं. दोन गावांत ते कुणी पेरलं नाही. एका गावात एका बाईने पेरलं.

आता २००८ चालू आहे. खालच्या खाजणात तिवरं माणसाच्या वर गेली आहेत आणि त्यांच्या मुळांत बोयींची पिल्लं दिसतात. विहिरी अजून मचूळच आहेत. खाजणही परत आलं नाही. वरची पट्टी तेवढी. गावातल्या इतर कुणी बांधाला हात लावलेला नाही, आणि आनंदा अजून ट्रॉलरवरच आहे. सड्यावरची जमीन हॉटेलासाठी विकली गेली. तिथं खणायला लागल्यापासून पावसात लाल माती उतरून उघाडीत साचते. ती उपसायची नवी मेहनत दोघींच्या वाट्याला आली आहे.

यंदा पेरणीला भाभी चिखलात उतरू शकली नाही, कंबर धरली होती. ती बांधावर सुपात मोडाचं बी घेऊन बसली आणि शकू खाली फेकत गेली. मी वाटेने जात होते, थांबले. शकू म्हणत होती, “भाभी, आपल्यामागं कोण करील हे?”

“कुणी नाय करणार बहुतेक,” भाभी म्हणाली. तिने पुढचं सूप तिच्या हातात दिलं. “तिकडं विरळ पडलंय. कोपऱ्यात टाक.”